वाढवलेला लॅपटॉप

अहो, तुमचा लॅपटॉप सुरूच होत नाहीये. कुणाला सांगायचं तर आधी तुम्हालाच सांगावं, म्हणून हे लिहायला बसले. या घरात तुम्ही सगळ्यांत जास्त जपलंत ते त्याला. मी त्याच्या आधी की त्याच्या नंतर, हा आपला वाद तसाच राहून गेला.

बटण दाबलं की कडेचा बारका निळा दिवा लागतो. आत पंखा घरघरतो, म्हणजे जीव आहे. पडदा मात्र काळाच्या काळा. मग आतून टीं, टीं, टीं असा आवाज येतो, थोडा थांबतो, आणि पुन्हा सुरू. चार्जरची पिन हलवून पाहिली. चार्जर स्वयंपाकघरात नेऊन मिक्सरच्या प्लगला लावला. अंबूने फोनवर सांगितलं म्हणून बॅटरी काढली, बटण बराच वेळ दाबून धरलं, बॅटरी परत घातली. तुम्ही फिरवायचा तसा झाकणावर हातही फिरवून झाला. टीं, टीं, टीं.

"आई, जुना झालाय तो," अंबू म्हणाली. "जाऊ दे की आता."

जुना होताच. पण त्या सकाळी तुमच्या छातीत कळ आली तेव्हा तुम्ही त्याच्याच समोर बसला होता आणि तो व्यवस्थित चालत होता. तुम्हाला खाली न्यायच्या गडबडीत चष्मासुद्धा त्याच्यावरच राहिला. चांगला चालता लॅपटॉप मालक दवाखान्यात असताना आपोआप बंद पडत नाही. कुणाचा तरी हात लागल्याशिवाय नाही.

हसाल तुम्ही. "सुरू झालं का तुझं सुपरविजन," म्हणाल. म्हणा. शाळेत परीक्षेच्या हॉलमध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं. ज्याच्या खिशात कॉपी असते ते पोर एक तर बाईंकडे सारखं बघतं, नाहीतर अजिबात बघत नाही. एवढं शिकले आणि घरीही तेच लावलं. मी संशय घ्यायचे आणि तुम्ही कानडीत म्हणायचा, "इरली बिडु." असू दे, सोड. मी बार्शीची. तुमच्या घरात आले तेव्हा कानडीचं अक्षर कळत नव्हतं. अजूनही संशय यायला पुरेल एवढंच येतं, फिटायला पुरेल एवढं येत नाही. तुम्ही तुमच्या अक्कलकोटच्या बहिणीशी फोनवर बोलताना मध्येच माझं नाव आलं की माझी विळी थांबायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून मुद्दाम घ्यायचात.

मला तो लॅपटॉप सुरू करून हवाय, कारण त्यात तुमची शेवटची नक्षी आहे. दवाखान्यात तुम्ही म्हणाला होता, "अजून अर्धी राहिलीय गं चादर. घरी गेलो की पुरी करतो." आयुष्यभर तुम्ही लोकांच्या पलंगांसाठी मोर काढले, वेली काढल्या, आणि मी त्या बारक्या चौकोनांत कधी डोकं घातलं नाही. आधी ग्राफच्या कागदावर पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. मला ते सारखंच दिसायचं. आता मात्र ती अर्धी नक्षी बघितल्याशिवाय मला चैन नाही. तुम्ही नेमके कुठं थांबलात ते मला बघायचंय.

संशय कुणावर, ते तुम्हाला सांगायला नकोच. आपल्या जावयावर. श्रीनूवर.

अंबूने आपलं आपण ठरवलेलं लग्न. मुलगा तेलुगू, घरात पिढ्यान्‌पिढ्या माग, आणि नोकरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरीच्या कारखान्यात. तुम्ही पहिल्याच भेटीत पाघळलात. "पोरगं सरळ आहे." मी म्हणाले, इतकं सरळ कुणी नसतं. ज्याचा मालक नव्या नक्ष्यांच्या शोधात गावभर फिरतो, त्या मुलाला बरी नक्षीवाल्याचीच मुलगी आवडली! तुम्ही एरवी न चिडणारे, त्या दिवशी चिडलात. "अगं, त्याला अंबू आवडलीय. बॉर्डर नव्हे." त्यावर मला हसू आलं, पण माझं म्हणणं मी मागे घेतलं नाही. दोन वर्षं श्रीनू आपल्याकडे येतो तो खुर्चीच्या कडेवर बसतो आणि चहा संपला की उठतो. मला तेलुगूत 'अत्तम्मा' म्हणतो, तुम्हाला 'मामा' म्हणायचा. दुसरा चहा मी कधी विचारला नाही. त्यामुळे आपल्या घरची बोली त्याच्या कानावर पडली ती एका कपाएवढीच.

आणि आपल्या घरची बोली म्हणजे तुमची. तुमच्या जिभेला 'बंद' हा शब्द चालायचा नाही. तुमच्या वडिलांची ती मागावरची शिस्त. बंद पडतो तो मोडलेला माग. सांजेला माणूस उठतो तेव्हा माग वाढवायचा. दुकान वाढवलं असं सगळेच म्हणतात, तुम्ही टीव्ही वाढवायचा, पंखा वाढवायचा, रोज दिवेलागणीला लॅपटॉप वाढवायचा. नवीन कामवाली आली तेव्हा तिला "गॅस वाढव" म्हणालात. तिने बिचारीने मोठा केला आणि दूध सगळं ओट्यावर. तरी तुमचा हट्ट सुटला नाही. तुमच्या नादाने मीही तसंच बोलायला लागले. वर्गात एकदा "पुस्तकं वाढवा" म्हणाले, तर मुलं शाळा सुटेपर्यंत खिदळत होती.

मातीच्या दिवशी शेजारच्या एका बाईंनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "बांगड्या वाढवायच्या आता." तुमचा शब्द, त्यांच्या तोंडी. इतकी वर्षं मला तो गमतीचा वाटत आला होता. मी हात सोडवून घेतला. बांगड्या आहेत अजून हातात. मला त्या काढायच्या नाहीत, आणि त्यावर कुणाशी वादही घालायचा नाही.

तर, दवाखान्यातली ती दुपार. श्रीनू कारखान्यातून तसाच भेटायला आला. तुम्ही मला म्हणालात, "जा गं, खाली जाऊन चहा पिऊन ये." उभ्या जन्मात तुम्ही मला कधी चहाला पाठवलं होतं हो? मी नुसती उठले तरी "कुठं निघालीस" असं विचारणारे तुम्ही. मी खाली गेले, चहा घेतला, आणि अर्धा टाकून वर आले. श्रीनू दारातच भेटला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. अजिबात नाही.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"काही नाही, अत्तम्मा. जरा काम सांगितलं."

तुम्हाला विचारलं तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. इरली बिडु.

दुसऱ्या दिवशी मी कपडे घ्यायला घरी आले, तर टेबल मोकळं. लॅपटॉपच्या आकाराचा चौकोन तेवढा धुळीत स्वच्छ. चष्मा उचलून खिडकीत ठेवलेला. समोरच्या काकू म्हणाल्या, "जावई येऊन घेऊन गेले की. किल्ली होती त्यांच्यापाशी." विचारायला सवड मिळाली नाही. तुमचं वाढतच गेलं. तुम्हाला घरी आणलं तेव्हा लॅपटॉप टेबलावर परत आला होता. झाकण लावलेलं, वायर छान गुंडाळलेली. तुम्ही वायर कधी गुंडाळून ठेवली नाहीत. एवढ्या रडारडीत माझी नजर त्या वायरवर गेली, आणि मनात आलं, नक्षी गेली. कॉपी झाली आणि मागचं पुसून टाकलं.

त्यानंतर श्रीनूने सगळी धावपळ केली, मी नाही म्हणत नाही. पाहुण्यांना आणणं, सोडणं, पाण्याचे जार. पण बसायचा तो त्या टेबलाकडे पाठ करून. मी न राहवून अंबूला विचारलं, "श्रीनूने बाबांचा लॅपटॉप कशाला नेला होता गं?" ती म्हणाली, "बाबा जाऊन किती दिवस झाले, आई? इतक्यात परत सुरू केलंस?" आणि फोन ठेवला. पुन्हा काही तिचा फोन आला नाही. म्हणजे तुम्ही गेलात आणि तुमच्या मागोमाग मुलगीही निघाली. आता माझा संशय खरा ठरायला हवा होता, नाहीतर खोटा. असं अधांतरी राहून मला अंबू मिळणार नव्हती.

म्हणून हे लिहिणं इथंच अर्धं ठेवून काल लॅपटॉप जुन्या चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने नवी पेठेत गेले. तुमच्या ओळखीचं दुकान मुद्दाम टाळलं. कापडाच्या दुकानांच्या मधल्या बोळात एक अस्लमभाई बसतात, त्यांच्याकडे गेले.

"ठेवून जा मावशी. सांजच्याला या."

"माझ्यासमोर उघडा."

"अहो, गर्दी बघा की."

"मी थांबते."

त्यांनी माझ्याकडे एकवार नीट बघितलं आणि स्टूल पुढे केलं. परीक्षेच्या हॉलमध्ये बसायचे तशी बसले. त्यांनी लॅपटॉप उपडा केला, स्क्रू काढून बशीत टाकले, मागचं झाकण उचकटलं. माझी नजर त्यांच्या बोटांवरून हलली नाही.

"हौ, हे बघा. हे का ओरडतंय सांगू का? ह्यात मेमरीची पट्टी असते. ती नीट धरली नसली की असं टीं टीं करतंय. तुमच्यात दोन पट्ट्या हायेत. ही जुनी. आन् ही नवीकोरी. कुणी टाकली?"

"टाकली की बदलली?" मी विचारलं.

"बदलली न्हाय. जुनी हाय की जाग्यावर. शेजारची जागा रिकामी होती, त्यात एक वाढवली."

"आणि आतलं? कामाच्या फायली?"

"त्या हिकडं, ह्या डबीत असत्यात. ह्याला कुणी हात लावला न्हाय. धूळ बघा की किती वर्षांची." त्यांनी फुंकर मारली आणि दोघांनाही शिंका आल्या.

मी तिथूनच श्रीनूला फोन लावला. "नवी पेठेत आहे. लॅपटॉप उघडलाय. ये." एवढंच बोलले. तो आला तेव्हा केसांवर, भुवयांवर सुताचा कापूस तसाच होता. काउंटरवर उघडा पडलेला लॅपटॉप बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, सापडला.

"अत्तम्मा, मीच मोडला तो," तो म्हणाला. "मला सांगायचं होतं तुम्हाला. रोज सांगायचं होतं."

"नेलास कशाला?"

"मामांनी सांगितलं की. तुम्ही चहाला गेलावता तेव्हा. माझा हात धरून म्हणाले, 'श्रीनू, तेवढा लॅपटॉप वाढव बाबा माझा.' मी म्हटलं, वाढवतो की मामा. लई हळू चालायचा ना तो, त्यांच्या फायली मोठ्या. घरी येईपर्यंत फास्ट करून ठेवावा म्हटलं. कारखान्याजवळ एक जण आहे, त्याच्याकडनं पट्टी टाकून घेतली. तिथं चालू झाला, माझ्या डोळ्यांनी बघितला. मग गाडीवरनं आणला. तो रस्ता तुम्हाला माहितीय. टेबलावर ठेवून बटण दाबलं, तर नुसता ओरडायला लागला. आणि त्याच संध्याकाळी मामा..."

अस्लमभाई उगीच बशीतले स्क्रू हलवत राहिले.

मी तोंड उघडलं. "अरे, वाढव म्हणजे..." इथपर्यंत बोलले आणि तशीच थांबले. का थांबले ते तेव्हा मला धड कळलं नाही.

"धक्क्यानं हलली असंल," अस्लमभाई म्हणाले. "खोडरबर पायजे होता. कुटं गेला की." माझ्या पर्समध्ये होता. शाळा सुटली तरी तो सुटलेला नाही. त्यांनी पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, जुनी बसवली, बटण दाबलं. घरघर झाली, आणि पडद्यावर उजेड आला. टीं नाही की काही नाही. मला पाणी प्यावंसं वाटलं. श्रीनूने बाटली पुढे केली.

"नवी बसवू का परत? का काढून देऊ?"

"बसवा," मी म्हणाले. "वाढवलाय तर वाढवलेलाच राहू दे."

दोन्ही पट्ट्यांवर तो सुरू झाला, आणि खरंच पूर्वीपेक्षा पटकन झाला. तुम्ही बघायला हवे होतात. तुम्ही बटण दाबून आंघोळ करून यायचात.

श्रीनूने तो गाडीवरून नाही, माझ्याबरोबर रिक्षात बसून, मांडीवर धरून घरी आणला. तुमच्या टेबलावर ठेवला, वायर लावली, आणि मी म्हणाले, बाबांची शेवटची नक्षी काढ. डाळिंबं होती. पिकून फुटलेली, आतले दाणे एकेका चौकोनात भरलेले, कडेने पानांची वेल. मी तुमचं काम असं जवळून पहिल्यांदा बघत होते. सुंदर आहे हो. आणि मधोमध, एका डाळिंबाच्या ऐन पोटात, चिरल्यासारखी ती संपत होती. पुढे सगळे चौकोन रिकामे.

"बघ," मी म्हणाले. "अर्धीच राहिली. घरी गेलो की पुरी करतो म्हणाले होते."

श्रीनू पडद्याजवळ वाकला. "अर्धी कुठं, अत्तम्मा? पुरी झालीय की. ही अशी अर्धीच काढतात. बाकीची उलटवून घ्यायची." त्याने दोन-चार बटणं दाबली, आणि उजवीकडच्या रिकाम्या चौकोनांत डाळिंबाचा दुसरा अर्धा भाग भरला, मग वेल, मग पानं, थेट काठापर्यंत. "बघा. मामांनी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. एक चौकोनसुद्धा नाही."

तो कौतुकाने बोलत होता. मी खुर्चीवर बसले.

आता माझा खरा संशय ऐका. श्रीनूवरचा फिटला. तुम्ही म्हणायचा तेवढं पोरगं सरळ आहे. त्याच्यासमोर बोलून दाखवणार नाही, तुमच्यापाशी कबूल करते. माझा संशय तुमच्यावर आहे.

नक्षी पुरी झाली होती आणि तुम्हाला ते माहीत होतं. मी तुमच्या चौकोनांत कधी डोकं घातलं नाही, म्हणून 'अर्धी राहिलीय' हे मला खपून जाईल, हेही माहीत होतं. घरी जाऊन पुरी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग लॅपटॉप वाढवायला सांगितलात तो कसा? रोजच्यासारखा, सांज झाली, उघडा राहिलाय, एवढ्यासाठी? की दुकान वाढवतात तसा? मला सांगितलं असतंत तर तुमच्या नुसत्या आवाजावरून मला कळलं असतं. म्हणून मला चहाला पाठवलंत. आणि तो शब्द आपल्या अर्थाने ज्याला कळणार नाही, अशा एकाच माणसाचा हात धरून सांगितलंत.

मी रागावले आहे तुमच्यावर. खूप रागावले आहे. तो चहा मी अर्धा टाकला, तसाच पहिल्या घोटाला टाकून वर आले असते तर तुम्ही मला काय सांगितलं असतंत, याचा विचार करून डोकं दुखतं. आणि मग आठवतं, की 'पुरी करतो' म्हणालात त्यानंतरची ती एक रात्र मला गाढ झोप लागली होती. तुमच्याच पायाशी, खुर्चीवर बसल्या बसल्या. तेवढी झोप तुम्ही मला दिलीत. तिचे आभार मानू की तिच्यावर भांडू, हे मला ठरवता येत नाही. समोर असतात तर दोन्ही केलं असतं.

श्रीनूला दुसरा चहा दिला. तो आता खुर्चीत मागे टेकून बसला होता. त्याने अंबूला फोन केला, काय काय बोलला देव जाणे, तेलुगूत बोलला. त्यात माझं नाव आलं. मी गाळणं धुवायची थांबले, आणि मग धुवायला लागले. संध्याकाळी अंबू आली. दारातच माझ्या गळ्यात पडली, आणि आम्ही दोघी तुमच्यासाठी एकत्र अशा पहिल्यांदाच रडलो.

नंतर श्रीनू पुन्हा त्या डाळिंबांपाशी बसला. "मामांना लई काम करायचं होतं अजून," तो म्हणाला. "नाहीतर वाढव कशाला म्हणाले असते?" असं म्हणताना त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी खिडकीतला तुमचा चष्मा उचलून पदराने पुसत बसले. त्याच्याजवळ तुम्ही घरी येणारे आहात, नवीन पट्टीवर भराभर काम करणारे. मला मिळाली एक रात्र. त्याला ते जन्मभर पुरू दे.

दिवेलागण झाली. अंबूने देवापाशी दिवा लावला. श्रीनूने लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला, अगदी तुम्ही ठेवायचा तसा, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बंद करू का, अत्तम्मा?"

तुमचा शब्द माझ्या जिभेवर येऊन थांबला होता, अहो. इतक्या वर्षांची सवय.

"कर," मी म्हणाले. "बंद कर."